पानावर फिरणारं बोट

१ मार्च, शनिवार

सरू, ही वही तूच मला दिलीस हे तू विसरली असशील. नाताळात खरवईहून आली होतीस, तेव्हा म्हणालीस, "आई, तू फोनवर तासभर बोलतेस आणि इकडे माझी भाजी करपते. सांगायचं ते वहीत लिहवून ठेव, मी आले की वाचीन." वही ठेवून गेलीस आणि चष्माही इथंच विसरून गेलीस. आता वाचणार कशानं ते तुझं तू बघ.

लिहिते करिष्मा. आठवीत आहे, अक्षर बरं आहे म्हणतात. मला काय कळतंय, मला सगळी अक्षरं मुंग्यांसारखीच दिसतात. तिला बजावलंय, मी बोलेन तसं लिहायचं, स्वतःचं शहाणपण घालायचं नाही आणि वही आईबापाला दाखवायची नाही.

वही काढायचं कारण सुयोग. करिष्माचा भाऊ, तुझा लाडका भाचा. नऊ वर्षांचा झाला तरी त्याला वाचता येत नाही. शाळेतल्या बाईंनी त्याला मागच्या बाकावर टाकलं आणि भर वर्गात "भिंतीला शिकवलेलं बरं" म्हणाल्या. मग मागच्या जूनमध्ये आमच्या सूनबाईंनी त्याला शाळेतून काढलं. श्रद्धा म्हणाली, "आई, मी प्रार्थना केली. देवानं सांगितलं, याला घरीच शिकव." मी त्याच घरात बसले होते, मला काही ऐकू आलं नाही.

आता त्याच्या बापानं, आमच्या मिलिंदनं, मुदत घातलीय. कॅम्प दोनच्या पॅन्टींच्या कारखान्यात कटिंग मास्टर आहे ना तो, एक लाइन आखली की कात्री तिच्यावरूनच चालवणार. म्हणाला, "पुनरुत्थानाच्या सणापर्यंत वाचायला लागला तर ठीक. नाहीतर नगरकडच्या बोर्डिंगात." फॉर्म आणून कपाटात ठेवलाय. सण वीस एप्रिलला आहे.

४ मार्च, मंगळवार

आज शिकवणी बघितली. बघितली म्हणजे लसूण सोलत ऐकली. श्रद्धानं भिंतभर तक्ते लावलेत. हत्ती, ससा, आणि आपलं घर ख्रिस्ती म्हणून 'ग' गणपतीचा नाही, गाढवाचा. लेकरू हत्ती बघतं आणि "हत्ती" म्हणतं. श्रद्धा हत्ती झाकते आणि "आता?" म्हणते. लेकरू तिच्या तोंडाकडे बघतं. हत्ती झाकल्यावर कोण काय सांगणार?

साडेअकराला तिनं पाटी आपटली. मग न्हाणीत गेली आणि नळ सोडला. हिला वाटतं नळाच्या आवाजात रडणं ऐकू जात नाही. बादली भरून वाहिली तरी नळ चालूच. मी बाहेरून म्हटलं, "बाई, रडायचं तर रड, पाणी कशाला घालवतेस?" नळ बंद झाला.

बाहेर आली तेव्हा डोळे लाल, आणि मला म्हणते, "आई, कांदा चिरायचाय का?"

८ मार्च, शनिवार

आज श्रद्धानं मला उत्तेजन सभेला नेलं. आपल्या चर्चच्या मंडळीतल्या ज्या बाया लेकरांना घरी शिकवतात त्यांची ही सभा. चर्चच्या हॉलमध्ये भरते. एकमेकींना धीर द्यायचा, असं पाळकसाहेबांच्या बायकोनं, पाळकीणबाईंनी काढलंय. अकरा बाया होत्या.

धीर कसा देतात ते ऐक. प्रत्येकीला एक छापलेला कागद. त्यात तीन रकाने: आजचं वचन, आजचा पाठ, आजचा आनंद. एकेकीनं उठायचं आणि आनंद वाचायचा. पहिली म्हणाली, माझी मुलगी स्वतःहून पाढे म्हणते. दुसरी म्हणाली, माझा मुलगा पहाटे उठून प्रार्थना करतो. हितेशची आई उठली. बदलापूरची आहे, साडी कडक इस्त्रीची. म्हणाली, "आमच्या हितेशचं पुस्तक दोन महिने आधीच संपलं. देवाची स्तुती असो." सगळ्या म्हणाल्या, आमेन. मला वाटलं, ही लेकरं आहेत का कॅलेंडरवरची चित्रं?

श्रद्धाची पाळी आली. म्हणाली, "सुयोगला पक्ष्यांचे आवाज ओळखता येतात." कोणी आमेन म्हणालं नाही.

पाळकीणबाई म्हणाल्या, "लेकरू देवाची देणगी आहे, ताई. आनंदानं शिकवा." मी विचारणार होते, तुम्हाला किती आहेत? पण श्रद्धानं माझा पदर ओढला.

श्रद्धा गेली तेव्हा होती त्यापेक्षा बोटभर लहान होऊन आली. असला धीर माझ्या शत्रूलाही नको.

९ मार्च, रविवार

उपासनेला गेलो. सुयोग नेहमीसारखा माझ्याच शेजारी. काही म्हण, पण चर्चमध्ये लेकरू फार गुणी. माझ्याबरोबर गीतांचं पुस्तक धरतो, पानावर बोट फिरवतो आणि एक शब्द न चुकता गातो. चार वर्षांचा होता तेव्हापासून हेच. मागच्या बाकावरच्या बाया मला म्हणतात, "आजी, तुमच्याकडून शिकला हो!" मी नुसती मान हलवते.

१९ मार्च, बुधवार

घरात सण आहे. सुयोग वाचायला लागला.

सकाळी श्रद्धा ओरडली, "आई! आई, इकडे या!" मला वाटलं कुकर उडाला. जाऊन बघते तर पोरगा पवित्र शास्त्र, बायबल, उघडून बसलाय आणि मेंढपाळाचं स्तोत्र घडाघडा वाचतोय. बोट ओळीवरून चाललंय. श्रद्धा जमिनीवर बसून हसत होती, रडत होती, आणि या वेळी नळबिळ काही नाही. पाळकीणबाईंना फोन, मिलिंदला फोन. तुलाही केला असेल, तू उचलला नसशील.

मिलिंद संध्याकाळी कॅम्प एकमधून जिलबी घेऊन आला. पोराला समोर बसवलं. पोरानं पुन्हा वाचलं. मिलिंदनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. या घरात हे मी वर्षभरात पहिल्यांदा बघितलं.

मी जिलबी खाल्ली नाही. दात दुखतो म्हटलं.

करिष्मा, थांब, आता लिहिशील ते नीट लिही. त्याचं बोट ओळीच्या शेवटाला पोचलं होतं आणि आवाज अजून मधेच होता. नंतर पान उलटताना दोन पानं एकदम उलटली आणि तोंड थांबलंच नाही. जो वाचतो तो पान उलटताना थांबतो. जो पाठ म्हणतो तो थांबत नाही. हे मला कसं कळलं ते विचारू नकोस.

२१ मार्च, शुक्रवार

दुपारी श्रद्धा बाजारात गेली, तेव्हा मी खात्री करून घेतली. करिष्माला म्हटलं, "दुसरीकडचं कुठलं तरी पान काढून दे त्याला." तिनं मधलंच पान काढलं, वंशावळीचं. सुयोगनं बोट ठेवलं आणि मेंढपाळाचं स्तोत्र सुरू केलं. सुरात. डोळे मिटून म्हणायचा तेवढा बाकी होता.

करिष्मा तोंड उघडून बघतच राहिली. मी तिला चिमटा काढला. पोराला म्हटलं, "छान. जा, खेळ."

सांगितलं तर बोर्डिंग. सणाला महिना राहिलाय, तेवढ्यात काय शिकणार? नाही सांगितलं तर पोरगा घरी राहील आणि जन्मभर असाच बोट फिरवत बसेल. आणि श्रद्धा? काल ती स्वयंपाक करताना गात होती. बेसूर गाते, पण गात होती.

मला राग याचा येतो, की एवढंसं पोर, ही लबाडी शिकलं कुठून? आई अशी नाही. बापाला तर खोटं बोलायला लागलं की कान लाल होतात. शेजारची पोरं बिघडवतात, दुसरं काय!

करिष्मा पेन खाली ठेवून माझ्याकडे बघत बसलीय. काय बघतेस? लिही.

२९ मार्च, शनिवार

पाळकीणबाईंनी नवीन टूम काढली. बारा एप्रिलच्या सभेत सुयोगनं सगळ्यांसमोर वाचायचं. पाळकसाहेबही येणार, बापांनाही बोलावलंय. "ही मोठी साक्ष होईल, ताई! किती आयांना उत्तेजन मिळेल!" श्रद्धा त्याला नवीन शर्ट शिवून घेतेय. निळा.

पोरगा जेवत नाही. श्रद्धा म्हणते, आनंदानं भूक गेली. आनंदानं भूक गेलेलं लेकरू मी अजून बघितलेलं नाही.

६ एप्रिल, रविवार

आज उपासनेहून आल्यावर त्याला गच्चीवर नेलं आणि विचारलं, "सुयोग, तुला वाचता येत नाही. खरं ना?"

खाली बघत म्हणाला, "मला बोर्डिंगात नाही जायचं."

"म्हणून फसवायचं? आईला? शास्त्र हातात धरून? लाज नाही वाटत?"

तेव्हा वर बघितलं त्यानं. रागानं नाही, नवल वाटल्यासारखं. म्हणाला, "आजी, तू पण तर असंच करतेस ना?"

पायाला चटके बसत होते म्हणून खाली आले.

८ एप्रिल, मंगळवार

काल वही काढली नाही. करिष्मानं दोनदा विचारलं. तिला हाकललं.

आज सांगते. सरू, तुझे बाबा मला लग्न करून शेवगावकडून इथं अंबरनाथला घेऊन आले, तेव्हा पहिल्या रविवारी चर्चच्या दारात प्रत्येक बाईच्या हातात गीतांचं पुस्तक देत होते. गावच्या मंडळीत पुस्तक एकच असायचं, ते उपदेशकाच्या हातात. आम्ही ऐकून गायचो. इथं बघितलं, जिच्या हातात पुस्तक नाही ती अडाणी दिसते. मी घेतलं. उघडलं. शेजारणीचं बोट फिरत होतं, मीही फिरवलं. गाणी मला सगळी पाठ. पन्नास वर्षं झाली. घरात सगळ्यांना ठाऊक आहे की मी अंगठा उठवते. पण मंडळीत अजून लोक मला विचारतात, "कौसाबाई, पुढचं कडवं कुठलं?"

मला कधी वाटलं नाही की मी कोणाला फसवतेय. मला वाटायचं, देव ऐकणारा आहे, त्याला माझं पान कुठलं याच्याशी काय करायचंय. पण शेजारी एक लेकरू बसलं होतं आणि ते ऐकत नव्हतं, बघत होतं.

शेजारची पोरं बिघडवतात म्हणे! करिष्मा, मागचं ते खोडू नकोस. राहू दे तसंच.

१२ एप्रिल, शनिवार

हॉल भरला होता. फुगे लावले होते. वाचन होतं का बारसं, देव जाणे. सुयोग निळ्या शर्टात, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. श्रद्धा पुढच्या खुर्चीवर. मिलिंद कारखान्यातून अर्धा दिवस सुट्टी काढून आला होता.

पाळकीणबाई म्हणाल्या, "आता आपला सुयोग वाचेल. आणि गंमत म्हणून, पान मी काढून देईन." हौशी बाई. त्यांना वाटलं, लेकराचं जास्त कौतुक होईल. सुयोग माझ्याकडे बघायला लागला. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

मी उठले. म्हटलं, "आधी मी वाचते. म्हातारीचा मान."

लोक हसले. पाळकसाहेबांनी टाळ्या वाजवल्या. मी शास्त्र हातात घेतलं, हाताला आलं ते पान उघडलं, बोट ठेवलं आणि मेंढपाळाचं स्तोत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं. एक शब्द चुकले नाही. सगळे म्हणाले, आमेन. मी ते पान तसंच हितेशच्या आईपुढे धरलं. म्हटलं, "बाई, तुम्ही शिकलेल्या आहात. हे कुठलं पान आहे?"

ती वाकली. मग हळूच म्हणाली, "आजी, ही अनुक्रमणिका आहे."

मी म्हटलं, "मला एक अक्षर येत नाही. पन्नास वर्षं मी तुमच्या मांडीला मांडी लावून असंच वाचतेय. आणि माझा नातू माझ्या शेजारी बसतो. त्यानं जे बघितलं ते शिकला. त्यालाही वाचता येत नाही. त्याच्या आईनं त्याला फसवायला शिकवलं नाही, मी शिकवलं. ती बिचारी दहा महिने खरंच शिकवतेय आणि न्हाणीत जाऊन रडतेय. तुमच्या त्या कागदावर रडायचा रकाना नाही, म्हणून तुम्हाला कोणी सांगितलं नाही."

मी शास्त्र मिटून खाली ठेवलं.

श्रद्धाकडे मी बघितलं नाही. मला भीती वाटली. लिही तसंच, भीती वाटली.

मग हितेशची आई, ती कडक इस्त्रीची, खाली बसली आणि तोंडाला पदर लावला. म्हणाली, "हितेशनं सगळी उत्तरं पुस्तकाच्या मागून उतरवली. मला फेब्रुवारीतच कळलं होतं." दुसरी म्हणाली, "मी परवा मुलीला मारलं. पट्टीनं." ती पाढेवाली! तिसरी तर नुसतंच म्हणाली, "मी थकले हो." पाळकीणबाई प्रत्येकीकडे वळून बघत होत्या, आनंदाचे कागद हातात धरून. मग त्यांनी ते कागद पर्समध्ये टाकले आणि त्याही खाली बसल्या. एवढी अक्कल असेल असं मला वाटलं नव्हतं.

१३ एप्रिल, रविवार

झावळ्यांचा रविवार, सणाच्या आधीचा. सगळ्यांच्या हातात झावळ्या आणि आमच्या घरात फुगलेली तोंडं.

मिलिंद सकाळी म्हणाला, "आई, तू मधे कशाला पडलीस? सगळ्या मंडळीसमोर माझी लाज काढली. पोरगा खोटं बोलला, दहा महिने वाया गेले. आता बोर्डिंग फायनल."

मी म्हटलं, "बरोबर आहे. फॉर्म दोन आण. मलाही त्याच्याबरोबर पाठव. मी पन्नास वर्षं खोटं बोललेय."

"मस्करी नको, आई."

"मस्करी कुठली? तू लहान होतास तेव्हा गाण्याचा नंबर सांगितला की माझं पान कोण काढून द्यायचं? पाच-सहा वर्षांचा होतास. पान काढायचास, माझं बोट धरून पहिल्या ओळीवर ठेवायचास आणि इकडेतिकडे बघायचास, कोणी बघत नाही ना म्हणून. तेव्हा तुझी लाज नव्हती गेली. तेव्हा आईची झाकत होतास."

त्याचे कान लाल झाले. चप्पल घालून बाहेर गेला.

श्रद्धा कालपासून माझ्याशी बोलली नव्हती. दुपारी ताट वाढलं, आमटी वाढली, मग समोर बसली. म्हणाली, "आई, तुम्हाला तीन आठवडे माहीत होतं. मला आधी सांगायचं होतं."

"तू गात होतीस," मी म्हटलं. "बेसूर. पण दहा महिन्यांत पहिल्यांदा गात होतीस."

उठून तिनं मला अजून एक पळी आमटी वाढली. मला नको होती.

१७ एप्रिल, गुरुवार

काल रात्री मिलिंद कारखान्यातून एक पुठ्ठा घेऊन आला. पॅन्टचा नमुना कापतात तो जाड पुठ्ठा. त्यात मधोमध त्यानं एक खिडकी कापलीय, एक शब्द दिसेल एवढीच. कोणाशी न बोलता तो श्रद्धाच्या पुढ्यात ठेवला आणि आंघोळीला गेला.

श्रद्धानं तो स्तोत्रावर ठेवला. खिडकीतून एकच शब्द दिसत होता. सुयोगला स्तोत्र तर पाठच आहे, त्यामुळे तो शब्द काय आहे ते त्याला ठाऊक. आता फक्त तो कसा दिसतो ते बघायचं. मग खिडकी पुढे सरकवायची. हत्ती नाही, ससा नाही. सकाळपासून चार शब्द झाले. चौथा शब्द खाली दुसऱ्या ओळीत पुन्हा आला तेव्हा पोरगं ओरडलं, "हा तर तोच आहे!"

श्रद्धा म्हणाली, "आई, तुम्हीही बसा ना खिडकीपाशी."

मी म्हटलं, "मला कुठं नोकरीला लागायचंय? शेंगा कोण सोलणार?"

२७ एप्रिल, रविवार

सण पार पडला. बोर्डिंगच्या फॉर्मची तारीख शुक्रवारी गेली. मिलिंद म्हणतो, "अरे, विसरलोच." ज्याला हजार पॅन्टींचे साइज तोंडपाठ आहेत, तो विसरला. वर म्हणाला, "डिसेंबरपर्यंत बघू." बघ बाबा, बघ.

आज उपासनेत मी पुस्तक घेतलं नाही. दारातल्या पोरीला सांगितलं, मला येत नाही. तिला दोनदा सांगावं लागलं. सुयोगनं घेतलं. गाणं सुरू झालं, सगळी मंडळी गायला लागली, आणि हा गातच नव्हता. बोट पहिल्या शब्दावर. मग दुसऱ्यावर. चारी कडवी संपली, पाळकसाहेब प्रार्थनेला उभे राहिले, सगळ्यांनी पुस्तकं मिटली, तरी हा दुसऱ्याच शब्दावर अडकलेला. मागची बाई माझ्या कानाशी म्हणाली, "आज काय झालं याला? किती छान गायचा!"

मी म्हटलं, "आज वाचतोय." आणि तो तिसऱ्या शब्दाला पोचेपर्यंत पुस्तक उघडं धरून ठेवलं. प्रार्थनेला डोळे मिटले नाहीत. देवानं समजून घेतलं असेल, त्यालाही अशी बरीच लेकरं असतील.

येत्या शनिवारी उत्तेजन सभा आपल्या घरी आहे. पाळकीणबाईंनी स्वतः विचारलं. रकाने नाहीत, कागद नाही. प्रत्येकीनं या महिन्यात कुठं हात टेकले ते सांगायचं आणि बाकीच्यांनी तिच्यासाठी प्रार्थना करायची. चौदा बाया येणार, हितेशची आई तर लवकर येणार म्हणे. त्या बाईला एकदम माझा पुळका आलाय. जागा कुठाय? पण येऊ देत.

सरू, हे पान करिष्मा तुला फोनवर वाचून दाखवेल. तू येऊ नकोस, गर्दी होईल. नुसतं जेवण पाठव. ज्वारीच्या तीस भाकरी, आणि त्या जाड नको. गोडधोड काही पाठवू नकोस. गोड तोंड झालं की बाया पुन्हा आनंद सांगायला लागतील. हिरव्या मिरचीचा ठेचा पाठव, लसूण सढळ हातानं घाल. आणि एका वेगळ्या बाटलीत ताक पाठव, श्रद्धाला तिखट सोसत नाही.